पहिला वार आणि दुसरा हात

पत्रक मीच लिहिलं होतं, त्यामुळे चूकही माझीच.

"मुलींनो, पंधरा दिवसांत बारा वार शिका! फिलिपाइन्सची काठीविद्या आता बीडमध्ये! अंगावर येणारा हात जागच्या जागी रोखा!" खाली जागा, वेळ सकाळी सहा, आणि सगळ्यात ठळक अक्षरांत 'मोफत'. गुलाबी कागद, पाचशे प्रती. कोचिंग क्लासच्या गल्ल्यांमधून मी स्वतः फिरून वाटल्या.

आमच्या घरात पाठ्यपुस्तकांच्या आधी पत्रकं आली. बाबा एसटीच्या वर्कशॉपात नोकरीला होते आणि संध्याकाळी पत्रकं लिहायचे. विहाराची जागा, वस्तीतला नळ, मुलींची शाळागळती, वाचनालय. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्यांच्या मथळ्यांवरून. निवृत्त झाल्यावरही ते माझं प्रत्येक पत्रक छापायला जाण्याआधी वाचतात. हे मात्र मी त्यांना छापून आल्यावर दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, बोटानं मोजलं आणि म्हणाले, "तीन उद्गारचिन्हं. एका पत्रकाला एक पुरतं. बाकीचा जोर वाक्यात असावा."

"बाबा, मजकूर कसाय ते सांगा."

"मजकुरात पंधरा दिवस लिहिलेत. त्या चाचांना विचारून लिहिलेत का?"

विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

चाचा म्हणजे बार्शी रोडवरच्या गॅरेजचे मालक. माझी स्कुटी महिन्यातून एकदा तरी त्यांच्याकडे जायची. एकदा लवकर पोचले तर शटर अर्धं वर होतं आणि आत चाचा एका टांगलेल्या ट्रकच्या टायरवर वेताच्या आखूड काठीनं मारत होते. साठीचा माणूस, अंगावर तेलकट बनियन, आणि पाय मात्र असे पडत होते की फरशीला कळू नये. तरुणपणी ते अकरा वर्षं कुवेतला होते, जनरेटरच्या कामावर. त्यांच्या खोलीत फिलिपाइन्सचा एक वेल्डर राहायचा. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी तो कामगारांच्या बराकीमागं टायर टांगून काठी चालवायचा. त्याच्या भाषेत त्या विद्येला आर्निस म्हणतात. चाचांनी ती त्याच्याकडूनच उचलली. "त्याचा बाप ऊस तोडायचा," चाचा म्हणाले होते. "तिकडंबी ऊस हाय. मला तवा लई नवल वाटलं." मी ते ऐकलं आणि विसरले. मला त्या वेळी वार मोजायचे होते. वार बारा आहेत एवढं मी लक्षात ठेवलं.

शिकवा म्हणून मी त्यांच्या दोन महिने मागं लागले. आधी ते हसले, मग म्हणाले, पोरी गॅरेजात येतील का, त्यांच्या घरचे येऊ देतील का. त्यावर चाचींनीच तोड काढली. गॅरेजच्या दारात पाट टाकून भाजी निवडत बसायचं त्यांनी ठरवलं आणि सगळ्या आयांचा प्रश्न मिटला.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला त्या आठवड्यात पहिला दिवस ठरला. एकोणीस मुली आल्या. चाचांनी हात पुसत माझं गुलाबी पत्रक हातात घेतलं आणि सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"हे बारा वार कोन शिकवनार हाय?"

"तुम्ही, चाचा."

"मला तर एकच येतो."

मुली हसल्या. मीही हसले. चाचा हसले नाहीत.

त्यांनी खडूनं फरशीवर त्रिकोण काढला. एका टोकावर उभं राहायचं. अंगावर येणारा सरळ येतो, म्हणून आपण सरळ मागं जायचं नाही. तिरकं, त्रिकोणाच्या दुसऱ्या टोकावर पाऊल टाकायचं, की तो आपल्या शेजारून निघून जातो. डावीकडं एक टोक, उजवीकडं एक. झालं, एवढेच पाय. मग वार. उजव्या खांद्यापासून तिरका खाली, समोरच्याच्या मानेच्या रेषेत. हा पहिला. आणि काठी नसलेला हात छातीपुढं उघडा ठेवायचा. "हा हात जिता पायजे," ते म्हणायचे. "काठी पडंल, मोडंल, नसंलच. हा हात तर संगंच हाय."

वेताच्या काठ्या दोनच होत्या, त्यांनी कुवेतहून आणलेल्या. बाकीच्यांसाठी आम्ही बांबूचे तुकडे कापले. ते फुटायचे, म्हणून त्यावर सायकलच्या ट्यूबा गुंडाळल्या. रोज सकाळी पावलं, मग टायरवर पहिला वार. दुसऱ्या दिवशी पावलं आणि पहिला वार. पंधराव्या दिवशीही तेच.

"चाचा, आज पंधरावा दिवस," मी म्हणाले.

"मंग?"

"पत्रकात लिहिलंय."

"मंग कागदाला सांग, जरा थांब म्हनून."

"पण दुसरा वार तरी दाखवा."

"पयला आला का?"

"आला की."

त्यांनी माझ्या हातावर हळूच टिचकी मारली. माझा डावा हात मांडीपाशी लोंबत होता.

मुली गळायला लागल्या. काहींनी दुसरीकडं नाव घातलं, जिथं महिन्याभरात पट्टा मिळतो आणि फोटो निघतो. त्यांना मी दोष देत नाही. पत्रकात मी बारा म्हटलं होतं आणि त्यांना एकच मिळत होता. दीड महिन्यात आम्ही चौघी उरलो. मला चाचांचा राग आला आणि माझा राग नेहमी कागदावर उतरतो. मी त्यांना दोन पानी पत्र लिहिलं. मुलींवर रस्त्यात कशी वेळ येते, त्यांना विद्या हवी आहे आणि विद्या राखून ठेवणं हा कसा अन्याय आहे, वगैरे. एक वाक्य तर मला फारच आवडलं होतं. चाचांनी ते वाचलं, घडी घातली आणि एका डगमगत्या जॅकखाली सारलं.

"कागद जाड हाय तुजा," ते म्हणाले. "बरोबर बसला."

मग स्वतःच पाना खाली ठेवून बोलले. "बेटा, घाबरल्यावर मानसाला सोताच्या घरचा नंबर आठवत न्हाई. बारा वार कुठून आठवतील? अंगात मुरलेलं एक काय ते उरतं. ते एक तरी नीट असू दे."

मला ते तेव्हा पटलं नाही. मी घरी जाऊन मोबाइलवर व्हिडिओ लावले आणि गच्चीवर, धुण्याच्या दोऱ्यांमध्ये, बाराही वार शिकले. दोन हातांत दोन काठ्या घेऊन विणल्यासारखे फिरवायचे प्रकारही. कुणाला सांगितलं नाही.

उरलेल्या चौघींत एक मुलगी होती अकरावी सायन्सची. शिरूर कासारच्या बाजूचं गाव, बीडला मावशीकडं राहून शिकत होती. आईवडील दर हंगामाला ऊसतोडीला जातात. दहावीपर्यंत ती गावात राहिली, कधी त्यांच्याबरोबर फडावरही गेली. बोलायची फार कमी. वार मोजायची मात्र तोंडातल्या तोंडात, आणि आकडा चुकला तर पहिल्यापासून. आम्ही तिघी तिला चिडवायचो. "अगं, पेपर सोडवतीस का टायर मारतीस?" ती मान हलवायची आणि पुन्हा एकपासून सुरू करायची.

दसऱ्याच्या थोडं आधीची गोष्ट. एका सोमवारी ती आली आणि त्रिकोणावर उभीच राहिली नाही.

"ताई, मी मारलंच न्हाई," ती म्हणाली.

"कुणाला?"

हळूहळू कळलं. शनिवारी गावाकडं जायला ती स्टँडवर उभी होती. गर्दी होती. एक माणूस बराच वेळ मागं मागं होता. गाडी लागल्यावर रेटारेटीत त्यानं तिचा दंड धरला.

"मग काय केलंस?"

"काय न्हाई. पाय आपोआप गेला. तिकडच्या टोकावर. त्याचा हात निसटला. मी 'मागं हो' म्हनले, मोठ्यानं. आन चालत जाऊन कंडक्टरबाईपशी उभी ऱ्हायले. त्यो गेला निघून." तिनं खाली बघितलं. "पयला वार एवढा केला, आन ऐन टायमाला मारलाच न्हाई."

खरं सांगायचं तर मीही खट्टू झाले. पत्रकात मी रोखलेला हात लिहिला होता. मनात पुढच्या पत्रकाचा मथळाही तयार होता आणि ही मुलगी नुसती बाजूला झाली होती.

चाचांनी फक्त तीन प्रश्न विचारले.

"कुठला पाय?"

"उजवा."

"जिता हात?"

"छातीपुढं व्हता."

"काठी?"

"न्हवती, चाचा. दप्तर व्हतं."

त्यांनी मान हलवली आणि दाराकडं वळून म्हणाले, "आज सगळ्यांला चहा कर." तीन महिन्यांत पहिल्यांदा. चाची भाजी बाजूला सारून उठल्या आणि जाता जाता त्या मुलीच्या गालाला हात लावून गेल्या.

पण ती गोष्ट मावशीपर्यंत पोचली आणि मावशीकडून फोनवर गावी. दसरा झाल्यावर एके दिवशी सकाळी ती मुलगी शटरबाहेर उभी होती, डोळे सुजलेले.

"माय यायलीय आज. नेनार म्हनती मला."

"कुठं?"

"संगं. आठ दिसांत गाडी भरनार हाय. हितं एकटीला ठिवत न्हाई म्हनती. आन मामानं एक स्थळ बी आनलंय."

ती अकरावीत होती. हंगाम पाच-सहा महिन्यांचा. तेवढा काळ फडावर गेलेली मुलगी परीक्षेला परतत नाही, हे मी किती पत्रकांत लिहिलंय. आकडेवारीसुद्धा दिली होती मी. त्या सकाळी ती आकडेवारी निळ्या ओढणीत समोर उभी होती आणि मला काय करावं ते सुचत नव्हतं. मग सुचलं. आईला दाखवायचं, इथं मुली काय शिकतात ते. एकच वार बघून कोण मन बदलेल? मी घरी पळाले आणि दुसरी काठी घेऊन आले.

आई साडेसहाला आली. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी असेल-नसेल. पातळ खोचलेलं, उन्हानं रापलेले हात, डाव्या तर्जनीवर जुना वण. चाचींशेजारी पाटावर बसली नाही, उभीच राहिली.

"मी पोरीला न्यायला आले," ती म्हणाली. "तुमी चांगली मानसं हात, पन मला तितं फडात झोप लागायची न्हाई."

"अक्का, पाचच मिनिटं बघा," मी म्हणाले आणि दोन्ही काठ्या घेऊन मधे उभी राहिले. चाचांकडं बघितलंच नाही. बाराही वार केले, मग दोन काठ्यांची विणकामासारखी फिरकी, मग एका काठीनं पुन्हा सगळं, उलट्या क्रमानं. काठी हवेत सूं सूं वाजत होती. घाम आला. थांबले तेव्हा बाकीच्या दोघी तोंड उघडं टाकून बघत होत्या.

"लई छान," ती आई म्हणाली. "गनपतीत करत्यात तसं. पन ताई, येका काठीनं करत व्हता, तवा तुमचा दुसरा हात झोपला व्हता का?"

चाचा छताकडं बघायला लागले.

"आन पाय बी," ती समजावून सांगावं तसं म्हणाली. "असं उभं ऱ्हाऊन कोयता चालवला तर तिसऱ्या घावाला नडगीवर येतोय."

माझे कान गरम झाले. चाचा मात्र पुढं झाले आणि वेताची काठी तिच्यापुढं धरली. "ताई, तुमी मारा की येक."

"मला काय येतंय?"

"कोयता चालवता तसंच. ह्यो ऊस समजा." त्यांनी टायर साखळीनं खाली सोडला, गुडघ्याच्या उंचीवर.

तिनं पदर खोचला. एक पाय तिरका पुढं टाकला, डावा हात टायरच्या वरच्या कडेशी नेला, जसा उसाच्या बुडख्याजवळ नेतात, आणि मारलं. एकच आवाज आला, कोरडा. टायर हलला नाही, थरथरला. आणि तिचा डावा हात मारायच्या आधीच तिथून निघाला होता, छातीपुढं, उघडा.

"परत," चाचा म्हणाले.

तिनं पुन्हा मारलं. तोच आवाज. पुन्हा. तोच.

"कुवेतात मी हे बघितलेलं," चाचा म्हणाले. "त्यो दोस्त म्हनायचा, माझ्या बापाचा ऊस तोडायचा घाव हाय ह्यो, फकस्त वर उचलला. मी तीस वर्सं करतोय, माझा आवाज असा येत न्हाई."

"तुमी काय रोज टनभर तोडता का?" ती म्हणाली, आणि पहिल्यांदा किंचित हसली.

मग तिनं काय केलं ते कुणालाच कळलं नाही, कारण कुणी त्याची वाट बघत नव्हतं. काठी हातात असताना ती गर्रकन वळली आणि लेकीच्या खांद्यावर उगारली. लेकीचा पाय टोकावर गेला. काठी शेजारून गेली. दुसऱ्या बाजूनं उगारली, दुसरा पाय गेला. मग आईनं काठी टाकली आणि नुसत्या हातानं दंड धरायला झेपावली, तोंडानं काही न बोलता, खरोखरीच्या जोरानं. मुलीचा हात मधे आला, निसटता स्पर्श झाला, आणि पुढच्या क्षणी ती दारात चाचींच्या शेजारी उभी होती. चाचींनी भाजीची परात उचलून तिला जागाही करून दिली होती.

आई तिथंच उभी राहिली, श्वास लागलेली.

"पाय कोन शिकवला तुला?"

"चाचांनी," मुलगी म्हणाली. "आन तू. फडात न्हाई का, मी मोळ्या बांधायला आले की वरडायचीस. पाय बघ, पाय बघ."

आईनं काठी उचलली, तिच्यावरून हात फिरवला आणि चाचांना परत दिली.

"मला वाटलं, हितं पोरींला मारामारी शिकवत्यात," ती म्हणाली. "मारामारी शिकलेली पोरगी भांडत उभी ऱ्हाती. मला त्येचीच धास्ती व्हती. ही तर निघून आली."

तिनं एवढ्यावर होकार दिला असं नाही. मावशीला फोन लावला, नवऱ्याला लावला, बाहेर जाऊन रस्त्याच्या कडेला बराच वेळ बोलली. मामाच्या स्थळाचं काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, आवाज चढलेला तेवढा ऐकू आला. परत आली तेव्हा तिच्या अटी ठरल्या होत्या. स्टँडवर एकटी जायचं नाही. मावशीला सांगितल्याशिवाय कुठं जायचं नाही. रोज सकाळी फोन. "बारावीपस्तर," ती लेकीला म्हणाली. "फुडचं फुडं बघू." आणि मला, जाता जाता: "ताई, तुमचा हात उठवा तेवढा."

त्या दिवशी दुपारी मी नवं पत्रक लिहायला बसले. पहिलं वाक्य पंधरा वेळा खोडलं. मला सगळं आयुष्य वाटत आलंय की लोकांना जागं करायचं तर मोठं काहीतरी सांगावं लागतं. बाबांची पत्रकं लहानपणी मला कंटाळवाणी वाटायची, कारण ती दरवर्षी त्याच गोष्टी सांगायची: मुलीला शाळेत घाला, दाखला काढून ठेवा, वाचनालयात या. मी एकदा म्हटलंही होतं, बाबा, काहीतरी नवीन लिहा. ते म्हणाले होते, हे झालं की नवीन लिहीन. आता ट्रंक उघडून ती पत्रकं चाळली तेव्हा लक्षात आलं की आमच्या वस्तीत दाखला नाही म्हणून अडलेली एकही मुलगी माझ्या आठवणीत नाही. माझ्या एकाही पत्रकाबद्दल मला असं काही सांगता येणार नाही. हे लिहिताना मला वाईट वाटत नाही. मला अजून वेळ आहे.

नवं पत्रक असं झालं: "एक वार, दोन पावलं, एक जिता हात. किती दिवस लागतील ते सांगता येत नाही. मागच्या वेळी पंधरा दिवस लिहिलं होतं, ते चूक होतं. सकाळी सहा वाजता या."

बाबांनी वाचलं, बोट फिरवलं. "एकही उद्गारचिन्ह नाही?"

"नाही."

"एक घाल. नाहीतर लोकांना वाटेल, प्रेस बिघडली."

मी नाही घातलं. सात मुली आल्या. महिना झाला तरी सातही आहेत, आणि पहिल्यातल्या दोघी परत आल्यात. चाचांनी आम्हा जुन्या चौघींना आता दुसरा वार दाखवलाय. मला दाखवताना म्हणाले, "हा तुला येतच असंल गच्चीवरून." गच्चीचं त्यांना कुणी सांगितलं होतं देव जाणे. माझ्या दुसऱ्या वारात गच्चीवरच्या इतक्या खोडी निघाल्या की त्या काढण्यातच अजून माझी सकाळ जाते.

आणि रोज सकाळी सहाला फोन वाजतो. आई कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या कुठल्याशा फडावर असते, त्यांचं काम तोवर सुरू झालेलं असतं. मुलगी फोन स्पीकरवर टाकून टायरांच्या चळतीवर ठेवते. पलीकडून कोयत्यांचे आवाज येतात, कुणी कुणाला हाक मारतं, बैल घुंगरं हलवतो. इकडं ती मारायला लागते, तोंडातल्या तोंडात मोजत.

परवा मध्येच पलीकडून आवाज आला. "थांब. ह्यो घाव हलका पडला. पाय कुठाय तुजा?"

मुलीनं खाली बघितलं. टाच खडूच्या रेषेबाहेर होती. तिनं ती आत घेतली आणि आकडा सोडून देऊन पुन्हा एकपासून सुरुवात केली.

तिच्या शेजारच्या त्रिकोणावर मी उभी होते. मी माझा डावा हात बघितला आणि वर घेतला.